मावशीचं हँडल

भिकातात्या लोंढे यांनी आपली मोटार स्वखुशीने मोडीत दिली, असं आमच्या भागात अजून सांगतात. यंदा तालुक्याच्या गावी रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला, त्याच्या स्मरणिकेत ते वाक्य पुन्हा छापून आलं. मला ते लगेच ओळखू आलं, कारण ते माझं आहे. लिहिलं तेव्हा मी पंचविशीतला मास्तर होतो, आज ऐंशीच्या घरात आहे. वाक्य चांगलं जमलंय. खरं नाही, एवढंच.

ते का खरं नाही हे सांगायचं तर आधी तात्या सांगायला हवेत. आणि तात्या सांगायचे तर मोटारीपासून सुरुवात करायला हवी, कारण ते स्वतःही तसंच करत. कुणी नाव विचारलं तर म्हणायचे, "मी मावशीवाला."

मावशी म्हणजे त्यांची मोटार. दुसऱ्या लढाईच्या आधीची, परदेशी, मुळात हिरवी असावी. मी कोल्हारच्या शाळेत रुजू झालो तेव्हा तिचा रंग बाभळीच्या सालीसारखा झाला होता. वर कापडी टप, खाली लाकडी आऱ्यांची चाकं. मागचं डावं दार काथ्याच्या दोरीनं बांधलेलं. सुरू व्हायला थोडं पेट्रोल आणि एकदा तापली की रॉकेल, त्यामुळे तिच्यातून उतरलेल्या माणसाच्या अंगाला दिवसभर कंदिलाचा वास यायचा. गावातली पोरं लांबून वासावरून सांगायची, "मावशी आली."

तिला ब्रेक होता, पण तात्यांच्या शब्दांत सांगायचं तर तो "इचार करून लागायचा". म्हणून पुढे त्यांच्या शेजारी जो बसेल त्याच्या मांडीवर ते एक लाकडी ठोकळा ठेवत. उतारावर थांबायचं झालं की त्या माणसानं खाली उतरून ठोकळा चाकाखाली सरकवायचा. हे काम मानाचं आहे असं ते सगळ्यांना पटवून देत. एकदा मामलेदारसाहेब बसले होते, तर त्यांच्याही मांडीवर ठोकळा. साहेब म्हणाले, "हे काय?" तात्या म्हणाले, "ही जागा मोठ्या मानसाचीच असती, सायेब." साहेबांनी नगरपर्यंत ठोकळा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

वेगाचं त्यांना काही नव्हतं. बैलगाडी पुढे असली तर ते तिच्या मागून जात. "बैल बिचकत्यात," असं कारण सांगत. मागे बसलेला माणूस चिडून म्हणे, "तात्या, पायी गेलो असतो तर पोचलो असतो." त्यावर तात्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "पोचला असता, पन उतरला नसता ना पाव्हण्यावानी."

दिसायला उंच आणि थोडे पुढे वाकलेले. खाकी कोट, त्याच्या बटणांच्या जागी टाचण्या, डोक्यावर काळी टोपी. उजवं मनगट वाकडं. बोलणं मोठ्यानं, कारण आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून बोललेले. आणि खोटं बोलायची भारी हौस, म्हणजे कुणाचं नुकसान न करणारं खोटं. मावशी मूळची एका राजाची होती, असं ते सांगत. राजा कुठला, हे ऐकणारा कुठला आहे त्यावर ठरे. मी एकदा टोकलं, "तात्या, परवा तर तुम्ही वेगळ्याच संस्थानचं नाव सांगत होतात."

"राजं एकमेकाला इकत्यात मास्तर," ते म्हणाले. "आपल्यावानी उधारीवर न्हाई."

त्यांच्या बायकोला, साळूबाईंना, मावशीचा राग होता आणि अभिमानही. मावशी घरात लग्नाआधी आलेली, म्हणून त्या तिला "थोरली" म्हणायच्या. मी कधी चहाला गेलो आणि तात्यांना उद्याचं काही विचारलं, की साळूबाई चुलीपाशी बसूनच म्हणत, "त्यास्नी काय इचारताय गुर्जी? थोरलीला इचारा. ती म्हनंल तसं."

तात्यांना लिहिता येत नव्हतं असं नाही, पण मावशी ठरवायला लिहापढी लागत नसे. लागायचा नारळ. कोल्हारात त्या काळी नारळ म्हणजे शब्द होता. सोयरीक असो, बैलांचा सौदा असो, कुणाची जमीन वाट्यानं करायची असो, देणाऱ्यानं नारळ दिला आणि घेणाऱ्यानं हातात घेतला की बोलणं संपलं. नारळ घेऊन शब्द फिरवणारा माणूस पुढे पारावर बसू शकत नसे. नवरीचा बाप तात्यांच्या दारी नारळ घेऊन येई, तात्या तो कानाशी नेऊन हलवत, आत पाणी वाजलं की म्हणत, "ठरलं."

एकदा बौद्धवस्तीतला एक मजूर आपल्या मुलीच्या लग्नासाठी असा नारळ देऊन गेला. त्याच मुहूर्तावर गावातल्या एका बड्या बागाईतदाराच्या मुलाचं लग्न निघालं. बागाईतदार स्वतः तात्यांच्या अंगणात आला. मी तिथं होतो. त्यानं जास्त भाडं देऊ केलं, मावशीला नवा टप घालून देतो म्हणाला. तात्या नुसते मान हलवत राहिले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आरं, त्याचा नारळ माघारी दे की! काय बिघडतंय?"

"माघारी द्यायला ती काय तव्यावरची भाकर हाय आन्ना, उलटी टाकायला?"

मावशी वस्तीत गेली. बागाईतदाराचा मुलगा ट्रॅक्टरवर बसून लग्नाला गेला आणि आमच्या भागात नवरदेवानं ट्रॅक्टरवरून जायची फॅशन पडली. पुढे तात्या तिचंही श्रेय स्वतःकडे घेत.

मावशीला किल्ली नव्हती. पुढच्या जाळीखाली एक भोक होतं, त्यात लोखंडी हँडल घालून फिरवावं लागे. त्यातून गावात एक रीत पडली होती. कधी पडली कोण जाणे, तात्यांच्या मते राजाच्या वेळेपासून. पाठवणीला नवरी गाडीत बसली की तिच्या मामानं हँडल मारायचं. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं तर पोरीचा संसार लागला. बायका श्वास रोखून उभ्या राहत. मामाचा चेहरा निकाल ऐकायला आलेल्या विद्यार्थ्यासारखा होई. तात्या त्याच्या मागे उभे राहून एवढंच सांगत, "अंगठा आत, पाव्हनं. बोटांच्या बाजूला ठिवा. ही लाथ मारती." त्यांचं स्वतःचं मनगट अशाच एका लाथेनं वाकडं झालं होतं.

नवल असं, की एरवी मावशीला सुरू करताना तात्या घामाघूम होत, तिच्या सात पिढ्या उद्धरत, पण मामाच्या हाताला तिनं कधी नाही म्हटलं नाही. याचं कोडं मला एका लग्नात उलगडलं. पंगती उठत होत्या. मी हात धुवायला देवळामागे गेलो, तर तात्या रिकामी मावशी गोल गोल फिरवत होते.

"हवा बघतोय," मला बघून ते म्हणाले.

"चाकातली?"

"आवो तापवून ठिवतोय. तापल्याली असली म्हंजी शेंबडं पोरगं पन चालू करील हिला."

"म्हणजे मामाचा त्यात काही संबंधच नाही?"

तात्यांनी आजूबाजूला कुणी नाही हे पाहून घेतलं. "मास्तर, बोलू नगा कुठं. मामा गरीब मानूस. त्यानं भाचीला काय दिलं? एक पातेलं आन् एक झटका. पातेलं तर धाकट्या जावंच्या हाती लागंल. झटका तरी त्याचा ऱ्हाऊ द्या."

केडगावच्या एका लग्नाला ठोकळा धरायला मी गेलो होतो. नवरीचा बाप वारलेला आणि मामा तर लहानपणीच गेलेला. पाठवणीच्या वेळी तात्या हँडल घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मामा कुठं हाईत?" कुजबूज झाली. एक चुलता पुढे आला. तात्यांनी हँडल पाठीमागे नेलं. "तुमचा मान मांडवात झाला, पाव्हनं." मग त्यांनी मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या नवरीच्या आईकडे पाहिलं. विधवा बाई, लग्नभर ती पुढे आली नव्हती.

"मामा न्हाई तर मामाची भैन हाय की हितं. या ताई."

कुणीतरी म्हातारं कुरकुरलं, की हे काम सवाष्णीचंही नाही आणि हे तर... तात्यांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "इंजनाला काय कळतंय बाबा, मारनारीनं कुकू लावलंय का न्हाई? ताई, अंगठा आत." बाईनं डोळे मिटून झटका मारला. मावशी लागली. गाडी निघायची वेळ झाली तरी ती हँडल सोडेना. रडता रडता हसत होती आणि तात्या, एवढं बोलणारा माणूस, ते परत मागायलाच विसरले होते. शेवटी ते तिच्या हातून मी घेतलं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. प्रवरेच्या पात्रात झिरे खोदून बायका वाटीवाटीनं पाणी भरत. मावशीच्या पुढच्या टाकीला बारीक गळती होती आणि तिला पाणी लागे. तात्या घागर घेऊन ओळीत उभे राहिले की गंगूबाई नावाची एक फटकळ बाई हटकून म्हणे, "आला बघा म्हशीवाला! मानसास्नी प्यायला न्हाई आन् ह्याच्या लोखंडाला घागर!"

"माज्या वाट्याचं तिला देतो गंगूबाई," तात्या म्हणत. "मी काय, थुकी गिळून बी चालतो."

आणि ते खरोखर तसं करत. साळूबाई सांगायच्या, की त्या उन्हाळ्यात ते तांब्यातलं पाणी अर्धं पीत आणि उरलेलं उचलून बाहेर नेत.

गंगूबाईची सून दुष्काळी कामावर खडी फोडत असताना अडली. सुईणीनं हात टेकले. गंगूबाई भर उन्हात तात्यांच्या दारी धावत आली. हातात नारळ नव्हता, दुष्काळात कुठला असणार, तिनं नुसते हात पुढे केले. तात्यांनी ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि कानाशी नेऊन हलवल्यासारखं केलं. "वाजलं. ठरलं," म्हणाले. पुढची हकिकत गंगूबाईनंच मला सांगितली. राहुरीच्या पुढे मावशी उकळली. आसपास पाण्याचा टिपूस नाही. सुनेसाठी म्हणून गंगूबाईनं मांडीवर एक घागर धरून आणली होती. तात्या खाली मान घालून उभे राहिले. गंगूबाईनं पदरानं झाकण उघडलं, सुनेच्या ओठाला दोन घोट लावले आणि बाकीची घागर मावशीच्या तोंडात ओतली. "पी बाई, पी. लई बोलले तुला." नगरला पोचल्यावर मुलगी झाली, दोघी सुखरूप. गंगूबाई त्या नातीला शेवटपर्यंत "मावशीची भाची" म्हणत.

दुष्काळ सरला त्या वर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलाला रस्त्यात ट्रकनं उडवलं. ट्रक नवाकोरा होता. तो थांबला नाही. मुलाला तात्यांनी मावशीत घातलं आणि त्या दिवशी मावशीला बैलगाड्या मागे टाकताना लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. मुलगा वाचला, पाय मात्र आखूड राहिला.

मी संतापलो होतो. तालुक्याच्या गावी रस्ता सुरक्षेसाठी समिती होतेय असं कळल्यावर मी आपण होऊन गेलो आणि तिचा चिटणीस झालो. अध्यक्ष एक अडतदार होते. समितीतल्या निम्म्या लोकांचे स्वतःचे ट्रक होते. पहिल्या बैठकीत ट्रकांबद्दल बोलणं झालं. पुढच्या बैठकीत "धोकादायक वाहनांबद्दल" झालं. त्यानंतर धोकादायक म्हणजे जुनी असं कधी ठरलं ते कुणाला कळलंही नाही. मला कळलं होतं. पण ट्रकवाल्यांना दुखावून समिती टिकणार नाही, आधी जुन्या गाड्या काढू, मग त्यांच्याकडे वळू, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय जुन्या गाड्या निर्धोक होत्या असंही नाही. ठोकळा माझ्याच मांडीवर असायचा.

मोहिमेचं घोषवाक्य माझं: "जुनी मोटार, मरणाचे दार". चुन्यानं ते भिंतीभिंतींवर लिहिलं. आमच्या शाळेच्या भिंतीपाशी तात्या थांबले आणि मला म्हणाले, "तुमच्या तोंडानं वाचून दावा मास्तर." मी वाचलं. त्यांनी मान डोलावली.

"जमलंय ब्येस. पन आमच्या दाराला दोरी हाय. मरनाला सोडता यायची न्हाई ती."

आणि हसत निघून गेले. त्यांच्या दृष्टीनं ते वाक्य दुसऱ्या मोटारींबद्दल होतं.

जुन्या गाड्यांच्या मालकांनी त्या मैदानावर आणून द्याव्यात, पाहुण्यांच्या हस्ते त्यांच्यावर पहिला घण पडावा आणि मग त्या भंगारात जाव्यात, असा कार्यक्रम ठरला. जिल्ह्याहून मोठे पाहुणे यायचे होते. आदल्या दिवसापर्यंत मैदानात आलं काय, तर बिनइंजिनाची एक जीप, जिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, चालती गाडी पाहिजे. लोकांना दिसलं पाहिजे. तुमचा तो कोल्हारचा म्हातारा?"

"तो देणार नाही," मी म्हणालो.

"मागायची कशाला? सत्काराला बोलवा. नारळ तुम्ही द्या. एकदा नारळ हातात पडला की तुमच्या कोल्हारचा माणूस फिरत नाही, असं तुम्हीच सांगत होता ना?"

मीच सांगितलं होतं. कौतुकानं, चहा पिताना, ट्रॅक्टरवरच्या नवरदेवाची गोष्ट सांगून.

मी तात्यांकडे गेलो. "उद्या मैदानावर प्रदर्शन आहे," म्हणालो. "मावशीला घेऊन या."

"म्हंजी मावशीचा सत्कार?"

"हार असतील," मी म्हणालो. हार होतेच. नारळाचं मी बोललो नाही.

साळूबाई म्हणाल्या, "आतापातूर माजा कुनी सत्कार केला न्हाई. थोरलीचं नशीब." आणि त्यांनीच रात्री बसून झेंडूच्या माळा ओवल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी आली ती दसऱ्याला यावी तशी. बॉनेटवर हळदकुंकू, दोन्ही दिव्यांना आंब्याची पानं, दाराची दोरीसुद्धा नवी. तात्यांचा कोट धुतलेला. मैदानाला दोन फेऱ्या मारून त्यांनी गाडी मांडवासमोर उभी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना व्यासपीठावर बोलावलं. अध्यक्षांनी शाल पाहुण्यांच्या हाती दिली आणि नारळ माझ्या हाती.

मी तो दिला. तात्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि सवयीनं कानाशी नेऊन हलवला. ते हसत होते. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर अध्यक्षांचा आवाज आला, की कोल्हारचे भिकाजी लोंढे आपली मोटार जनतेच्या सुरक्षेसाठी मोडीत देत आहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

नारळ तात्यांच्या कानाशीच राहिला. त्यांनी आधी मावशीकडे पाहिलं, मग हातातल्या नारळाकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं ते ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्यांनी नारळ कोटाच्या खिशात घालायचा प्रयत्न केला, तो मावेना, म्हणून बगलेत धरला. त्यांच्यासमोर ध्वनिक्षेपक आणला तेव्हा एवढंच म्हणाले, "हँडल माज्याकडं ऱ्हाईल."

लोकांना तो विनोद वाटला. लोक हसले.

घण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, चुन्याच्या चौकोनात पडायचा होता. मावशी तिथपर्यंत न्यायची होती. समितीची दोन तरणी पोरं हँडलकडे धावली. तात्या व्यासपीठावरून उतरले, त्यांना बाजूला सारलं, हँडल उचललं आणि मला हाक मारली.

"मास्तर, या. आज मामा तुमी."

मी गेलो. नाही कसं म्हणणार? मी वाकलो तेव्हा ते माझ्या मागे उभे राहिले. "अंगठा आत," ते म्हणाले. "ही लाथ मारती." मनातून मला वाटत होतं की तिनं मारावी. पण सत्काराच्या वेळी फजिती नको म्हणून त्यांनी तिला येताना नीट तापवून आणलं होतं, मैदानाला फेऱ्या मारल्या होत्या त्याच्यासाठीच. पहिल्या झटक्यात लागली. तात्या आत बसले, तिला हळूहळू चौकोनात नेऊन उभी केली, इंजिन बंद केलं, उतरले आणि मागच्या चाकाखाली ठोकळा लावला. मग घरी चालत गेले. घण पडताना ते तिथं नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी चिटणीस म्हणून समितीचा वृत्तांत लिहिला. त्यात ते "स्वखुशीने"चं वाक्य आलं. मोहिमेचं पुढे काही झालं नाही. ट्रकांकडे कुणी वळलं नाही. मीही नाही.

गावानं तात्यांना डोक्यावर घेतलं. कुणी भेटला की म्हणे, "तात्या, केवढा त्याग!" ते कोटाच्या टाचण्या चाचपत आणि म्हणत, "राजाची गाडी. राजाला शोभंल असं झालं." खोटं बोलायची त्यांची हौस अशी माझ्या उपयोगी पडली. मी समोर असलो की ते हे जरा जास्तच मोठ्यानं बोलत. मी त्यांना टाळू लागलो. ते मात्र शाळेच्या वाटेवर मुद्दाम थांबत, साळूबाईनं चहाला बोलावलंय म्हणत.

शेवटी माझी बदली संगमनेरला झाली, तेव्हा निघायच्या आधी मी गेलो आणि विचारलं, "तात्या, तुम्ही नारळ तिथल्या तिथं माघारी का नाही दिलात? तुम्हाला फसवलं होतं. कुणी नाव ठेवलं नसतं."

तात्या दारातल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. तिथं मावशी उभी राहायची, जमिनीवर तेलाचा डाग अजून होता.

"दुसऱ्या कुनी दिला असता तर त्याच्या डोस्क्यात घातला असता," ते म्हणाले. "तुमी दिला. त्येवढ्या लोकांत तुमच्या हातचा नारळ माघारी दिला असता, तर तुमी पोरांपुढं उभं कसं ऱ्हायला असता? मास्तर मानूस तुमी."

मी कसाबसा म्हणालो, "मला माघारी द्या तो. आत्ता द्या."

"आता कुठला?" त्यांनी माझ्या पाठीवर ते वाकडं मनगट ठेवलं. "तवाच फोडला. आळीतल्या पोरास्नी वाटला. ग्वाड हुता मास्तर, खरंच लई ग्वाड हुता."

आतून साळूबाई म्हणाल्या, "मला न्हाई दिला त्यातला." आणि आम्ही तिघंही हसलो. मला आजही कळत नाही की मी कसा हसलो.

तर ते वाक्य यापुढे कुणी छापलं तर असं छापावं: भिकातात्या लोंढे यांनी आपली मोटार दिली नाही. आम्ही ती त्यांच्याकडून नारळ देऊन घेतली, आणि नारळ देणारा हात माझा होता. त्यांनी दिलं ते वेगळंच होतं, आणि ते समितीला नव्हे, मला दिलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते कोल्हारातच, गंगूबाईच्या नातीच्या लग्नात. तीच, मावशीची भाची. साळूबाई तोवर गेल्या होत्या. तात्या खूप वाकले होते, पण कोट तोच, टाचण्या तेवढ्या वाढलेल्या. नवरीसाठी संगमनेरहून पांढरी शुभ्र भाड्याची मोटार आली होती, किल्लीवर चालणारी. पंगती उठत असताना मी हात धुवायला देवळामागे गेलो, तर तात्या त्या मोटारीच्या खिडकीशी उभे राहून तरण्या ड्रायव्हरशी वाद घालत होते.

"जरा फिरवून आन म्हनतो तर. गरम ऱ्हाऊ दे."

"अवो बाबा, नवी गाडी हाय. किल्ली फिरवली की लागती."

"तुज्यासाठी लागंल. आज ती मामासाठी लागायची हाय."

पोरगा कपाळावर हात मारून गाडी फिरवायला गेला. तात्यांनी मला पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं.

पाठवणीला नवरी गाडीत बसली. गर्दीतून गंगूबाईची खणखणीत हाक आली, "म्हशीवाला कुठं ग्येला? मावशीचं काय हाय का न्हाई?" तात्या पुढे आले. त्यांच्या हातात लाल फडक्यात गुंडाळलेलं हँडल होतं. ते त्यांनी नवरीच्या मामाला दिलं. नव्या मोटारीला भोक नव्हतंच. मामानं पांढऱ्या बंपरसमोर, हवेतच, हँडल धरलं आणि बावरून मागे पाहिलं. बायका गप्प झाल्या. ड्रायव्हरचा हात किल्लीवर होता आणि डोळे तात्यांच्या टोपीवर, कारण टोपी काढली की किल्ली फिरवायची असं ठरलं असावं.

मामानं झटका मारला. तात्यांनी टोपी काढली. गाडी लागली.

"पहिल्या झटक्यात!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. मामाचा चेहरा उजळला. गाडी हलली, गर्दी तिच्यामागे धावली. तात्या जागेवरच उभे होते, टोपी छातीशी धरून. त्यांचा दुसरा हात खाली मोकळा होता, मामाबरोबर तोही फिरला असावा, कारण मूठ अजून घट्ट वळलेली होती. अंगठा आत होता, बोटांच्या बाजूला.